पंधरा पैशांचा प्रश्न



पर्व संपलं, पारणी झाली, उपवासाचे डबे घासून फडताळात गेले. दरवर्षी क्षमावाणीला आपण सगळ्यांना हात जोडतो. जावांना, शेजारणींना, फोनवरून माहेरच्यांना. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा कशाबद्दल क्षमा मागतोय ते आपल्यालाही माहीत नसतं आणि समोरच्यालाही. यंदा मात्र मला नेमकं माहीत होतं. मी जिची क्षमा मागितली ती 11 वर्षांची आहे आणि मला 'आजी' म्हणते.

झालं असं. मे महिन्यात मंदिरात मुलांचं शिबिर होतं. नात तिथून जंबूद्वीपाचं चित्र रंगवून घेऊन आली. मधोमध सोनेरी मेरु पर्वत, भोवती समुद्र, सगळं अगदी निगुतीनं काढलेलं. मी मूग निवडत बसले होते. ती ताटाशेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, मेरु एक लाख योजन उंच आहे ना? मग विमानातून का दिसत नाही?"

तुम्हाला ठाऊक आहे, आमच्या मरोळमध्ये डोक्यावरून सारखी विमानं जातात. फोनवर बोलताना मध्येच थांबावं लागतं. तेव्हाही एक विमान घरघरत गेलं. मुलीनं खिडकीतून वर बघितलं आणि परत माझ्याकडे. आणि मी काय म्हणाले? "शास्त्रावर शंका घ्यायची नसते. पाप लागतं."

तिनं चित्राची घडी घातली आणि उठून गेली. रडली नाही, रुसली नाही. पण त्यानंतर तिनं मला फक्त "आजी, माझी पाण्याची बाटली कुठे आहे?" एवढंच विचारलं. असले प्रश्न विचारायला आजी लागत नाही, कपाट उघडलं तरी पुरतं.

त्याच महिन्यात, 20 मेला, डॉ. जयंत नारळीकर पुण्यात गेले. 86 वर्षांचे होते. टीव्हीवर बातमी चालू होती. मुलगा कामावर निघाला होता, तो बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "आई, आठवतं? शाळेतल्या बाईंनी त्यांना पाठवायला पोस्टकार्डं आणायला सांगितली होती." तो गेला आणि मी मात्र दिवसभर त्या पोस्टकार्डापाशीच अडकले.

तरुण मैत्रिणींसाठी थोडं सांगते. नारळीकर म्हणजे मोठे खगोलशास्त्रज्ञ हे सगळ्यांना माहीत असतं. पण आमच्या पिढीला ते आधी भेटले ते गोष्टी लिहिणारे म्हणून. 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस', 'अंतराळातील भस्मासुर' ही पुस्तकं वाचनालयात हातोहात जायची. मराठीत विज्ञानकथा त्यांच्याही आधी लिहिल्या जात होत्या, पण घराघरांत पोचल्या त्या त्यांच्यामुळे. आणि माझं माहेर जयसिंगपूर, तर त्यांचा जन्म 1938 साली कोल्हापूरचा, म्हणून आम्हाला थोडा जास्तच अभिमान.

असा लेखक भेटला की मुलं काय करतात? वही पुढे करतात, सही मागतात. नारळीकर मुलांना तशी सही देत नसत. ते सांगत, एका पोस्टकार्डावर मला प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहीन आणि त्याच्याखाली सही करीन. म्हणजे सही हवी असेल तर आधी डोकं चालवायचं! आणि ते खरोखर उत्तरं लिहीत. स्वतःच्या हातानं, मराठीत, शाळकरी पोरांना. त्यांना 1965 साली पद्मभूषण मिळालं तेव्हा वय जेमतेम 26, पुढे पद्मविभूषणही मिळालं. एवढा मोठा माणूस कुठल्या तरी गावच्या सातवीतल्या पोराला कृष्णविवर म्हणजे काय हे पोस्टकार्डावर समजावून सांगतोय, असं चित्र डोळ्यांपुढे आणून बघा.

1987 ची गोष्ट असेल. तेव्हा ते मुंबईतच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. मुलाच्या बाईंनी वर्गात ही पोस्टकार्डाची गोष्ट सांगितली आणि मी नाक्यावरच्या पोस्टातून तीन कार्डं आणली. पोस्टकार्ड तेव्हा पंधरा पैशांना मिळायचं. मुलाचं तसं सगळंच दोन दिवसांचं. एका कार्डावर त्यानं रॉकेट काढलं, दुसरं चुरगळलं आणि मग गोट्या खेळायला गेला. तिसरं कोरं राहिलं.

त्या कार्डावर मला विचारायचं होतं.

मी सांगलीच्या कॉलेजातून बी. कॉम. झाले, 1980 साली. पुढच्या वर्षी लग्न होऊन मरोळला आले. नोकरी केली नाही, पण घरचा हिशेब मी आजही दोन बाजूंनी लिहिते. यांना त्याचं हसू येतं. तर हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर, अगदी वर, काय असतं? आरंभीची शिल्लक. ती कुठून येते? मागच्या वर्षाच्या वहीतून. आणि मागच्या वर्षाची? त्याच्याही मागच्या वर्षीची. मग मासिकात जेव्हा वाचलं की सगळं विश्व एका महास्फोटातून सुरू झालं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं ते हेच: पहिल्या वहीतली आरंभीची शिल्लक कुठून आली? आपल्याकडे तर लहानपणापासून ऐकलं होतं की लोक अनादि आहे, कुणी केलेला नाही, त्याला पहिलं पानच नाही. मग कुणाचं बरोबर? आणि हे असं विचारणं मूर्खपणाचं आहे का?

पेन्सिलीनं प्रश्न लिहिला. पत्ताही लिहिला. संध्याकाळी घरात बोलता बोलता सांगितलं. कुणी वाईट बोललं नाही हं. नुसते हसले सगळे. "एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला तू जमाखर्च विचारणार?" सासूबाई म्हणाल्या, "धर्माच्या गोष्टी बाहेरच्यांना विचारू नयेत." त्या आता नाहीत, त्यांचा राग मुळीच नाही. त्यांना त्यांच्या सासूनं जे सांगितलं तेच त्यांनी मला सांगितलं. मी रबरानं सगळं खोडलं आणि त्याच कार्डावर आईला लिहिलं, 'पापड पोचले. मुलाला खोकला आहे, काळजी नसावी.' पंधरा पैसे वाया नाही गेले.

प्रश्न मात्र तसाच राहिला. पुढे वाचनालयातून एकेक पुस्तक आणून वाचत गेले. आत्मचरित्र वाचलं, 'चार नगरांतले माझे विश्व'. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरं. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं पुस्तक आहे. जाडजूड आहे, पण दुपारच्या वेळी थोडं थोडं वाचलं की कंटाळा येत नाही.

लेखकाला वाचकांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. ही गोष्ट कशी सुचली? हा माणूस खरा आहे का? तुम्हाला लिहायला कुणी शिकवलं? नारळीकरांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय ते ऐकून मला फार मजा वाटली. 1974 साली अहमदाबादला एका परिसंवादात ते बसले होते, समोरचं भाषण कंटाळवाणं होतं, हातात परिसंवादासाठी दिलेले कागद होते. त्यांनी त्यावर गोष्ट लिहायला घेतली! 'कृष्णविवर' ही ती गोष्ट. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथांची स्पर्धा होती, तिथे ती पाठवली. पण स्वतःच्या नावानं नाही. नाव घेतलं 'नारायण विनायक जगताप'. त्याची आद्याक्षरं ना. वि. ज. म्हणजे ज. वि. ना. उलटं. आणि परिषदेतले लोक अक्षर ओळखतील म्हणून ती सगळी गोष्ट मंगलाताईंनी, त्यांच्या पत्नीनं, आपल्या हातानं लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की जगताप म्हणजे कोण.

आपण बायकांनी इथे दोन मिनिटं थांबावं असं मला वाटतं. मंगलाताई स्वतः गणिती. मुलींना वाढवता वाढवता त्यांनी गणितात पीएच. डी. केली, 'गणितगप्पा'सारखी पुस्तकं लिहिली. 2023 साली त्या गेल्या. नवऱ्याची गोष्ट सुवाच्य अक्षरात लिहून देणारी बाई स्वतःची गणितंही सोडवत होती. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यात काय चाललंय ते बाहेरून कळत नाही, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

लिहायला कुणी शिकवलं, याचं उत्तर म्हणजे त्यांचे गुरू फ्रेड हॉइल. केंब्रिजचे मोठे शास्त्रज्ञ. तेही कादंबऱ्या लिहायचे, 1957 सालची त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' प्रसिद्ध आहे. गुरूनं विज्ञानही केलं आणि गोष्टीही लिहिल्या, शिष्यानं तेच केलं. पण मला विचाराल तर खरं शिक्षण त्याच्याही आधीचं, वाराणसीच्या घरातलं. वडील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृत जाणणारी. घरात भिंतीवर फळे लावलेले होते. मोरूमामा हुजूरबाजार त्यांच्याकडे राहायचे, ते एका फळ्यावर गणिताचं कोडं लिहून ठेवायचे, खास जयंतसाठी आव्हान म्हणून. ते सुटेपर्यंत फळ्यावर तसंच राहायचं. मामा उत्तर सांगून टाकत नव्हते आणि कोडं पुसतही नव्हते.

हे वाचल्यावर मला माझं पोस्टकार्ड आठवलं. मी पुसून टाकलं होतं. आणि मे महिन्यात मी माझ्या नातीच्या फळ्यावरचंही पुसलं.

मग त्यांच्या गोष्टीतली पात्रं. वाचकाला पहिलं आश्चर्य वाटतं ते नावांचं. यक्ष, वामन, भस्मासुर ही आपल्या आजीच्या गोष्टींतली मंडळी इथे यंत्रं आणि अंतराळयानं घेऊन भेटतात. वामन कोण? तर जमिनीखाली सापडलेल्या एका प्राचीन ठेव्यातल्या ज्ञानावरून बनलेला यंत्रमानव. दिसायला लहान, पण पाऊल कुठवर टाकील सांगता येत नाही. नाव ऐकलं की मराठी वाचकाला अर्धी गोष्ट आपोआप कळते. लोकांना विज्ञान परकं वाटू नये म्हणून ओळखीच्या माणसाचा हात धरून आत न्यावं, तसं ते आहे. पण म्हणून 'हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊकच होतं' असं म्हणायला मात्र ते तयार नसत. पुरावा दाखवा म्हणत. गोष्ट ती गोष्ट आणि पुरावा तो पुरावा, या दोन वह्या त्यांनी कधी एकत्र केल्या नाहीत.

'उजव्या सोंडेचा गणपती' ही त्यांची गोष्ट माझी आवडती. त्यात उजव्या हाताचा माणूस डावखुरा होतो, डाव्या सोंडेच्या गणपतीची सोंड उजवीकडे जाते. चमत्कार वाटतो, पण मागे गणित आहे. ते कसं ते घरी करून बघा. वर्तमानपत्राची एक लांब पट्टी कापा. दोन टोकं जोडण्याआधी एक टोक एकदा पिळून उलटं करा आणि मग चिकटवा. झाली मोबियसची पट्टी. आता पेन्सिलीनं मधोमध रेघ ओढत जा. हात न उचलता रेघ दोन्ही बाजूंनी फिरून पहिल्या जागी येते, कारण या पट्टीला बाजू एकच! अशा पट्टीवरून सपाट कागदी उजवा हात एक फेरी मारून आला तर तो डावा होऊन परत येतो. आणि त्या रेघेवरून पट्टी कापली तर दोन कडी होतील असं वाटतं ना? होत नाहीत. एकच मोठं कडं होतं. कापून बघा, मग माझ्यावर विश्वास ठेवा.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. उत्तर मला पोस्टानं आलं नाही, पण पुस्तकांत थोडंफार सापडलं. हॉइल आणि नारळीकर दोघांनाही महास्फोट पटत नव्हता. विश्व पसरतंय हे त्यांना मान्य होतं, पण त्याला एक आरंभ होता हे मान्य नव्हतं. जुन्या दीर्घिका लांब लांब जातात, मोकळ्या जागेत नवं द्रव्य हळूहळू निर्माण होतं, एकूण विश्व सदा सारखंच. म्हणजे पहिलं पानच नाही! मी वाचता वाचता टुणकन उठून बसले. पण लगेच माझ्यातली बी. कॉम. जागी झाली. नवं द्रव्य आलं म्हणता, तर त्याची दुसरी नोंद कुठे? जमा केलं तर नावे कुठे टाकलं? आणि मैत्रिणींनो, पुढे वाचलं तर त्यांनी ती नोंदसुद्धा दिली होती. ऋण ऊर्जेचं एक क्षेत्र त्यांनी मांडलं, 'सी-फील्ड' म्हणतात त्याला. जितकं द्रव्य निर्माण होईल तितकी ऋण ऊर्जा दुसऱ्या बाजूला. एकूण मेळ बरोबर. 1987 मध्ये घरात ज्याला सगळे हसले, तो जमाखर्चाचाच प्रश्न होता आणि मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही तो पडला होता. इतक्या वर्षांनी मला एकटीलाच हसू आलं.

आता मोह कुठला होतो, सांगू? 'बघा, आमच्या शास्त्रात हेच लिहिलंय' असं म्हणायचा. वस्तू उत्पन्न होते, नाश पावते आणि तरी ध्रुव राहते, हे आपण तत्त्वार्थसूत्रात वाचतो. पण प्रामाणिकपणे बघितलं तर मेळ पुरा बसत नाही. त्यांच्या मांडणीत नवं द्रव्य निर्माण होतं. आपल्याकडे द्रव्य नव्यानं निर्माण होत नाही, फक्त पर्याय बदलतात. शिवाय 1965 नंतर विश्वात सगळीकडून येणारं मंद प्रारण सापडलं आणि जगातले बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर मात्र शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले. 1993 साली हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सुधारून नवा सिद्धांत मांडला, त्यात विश्व आलटून पालटून फुगतं आणि आकसतं. बाकीच्यांनी तो फारसा मानला नाही. म्हणून ते कुणावर चिडले नाहीत की गप्पही बसले नाहीत. बहुमत दुसरीकडे असताना नम्रपणे 'मला अजून पटलेलं नाही' म्हणणं किती अवघड असतं, ते एकत्र कुटुंबात राहिलेल्या बाईला विचारा.

हे सगळं मनात घोळत असताना दशलक्षण पर्व आलं. रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय. नवव्या दिवशी नववा. त्यात तपाचे प्रकार येतात. सहा बाह्य, सहा अंतरंग. अंतरंग तपांमध्ये स्वाध्याय आहे आणि त्या स्वाध्यायाचे पाच प्रकार: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. इतकी वर्षं मी हे म्हणते आहे, सुरात म्हणते आहे. त्या दिवशी 'पृच्छना'पाशी जीभ अडखळली. पृच्छना म्हणजे विचारणं. प्रश्न विचारणं हे तप आहे! वाचनाच्या लगेच पुढे, उपदेशाच्या कितीतरी आधी. आणि मी मुलीला म्हणाले होते, पाप लागतं.

तशी आपली पुराणं सुरूच कशी होतात, आठवा. श्रेणिक राजा गौतम गणधरांना विचारतो आणि मग कथा सांगितली जाते. श्रेणिकानं साठ हजार प्रश्न विचारले असं आपण परंपरेनं ऐकत आलोय. साठ हजार! एकदाही त्याला कुणी 'शंका घेऊ नकोस' म्हटलं नाही. आणि भगवान महावीरांना केवलज्ञान झाल्यावर 66 दिवस दिव्यध्वनी झाली नाही, कारण गणधर नव्हते. मग इंद्र म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या रूपात इंद्रभूती गौतमांकडे गेला. काय घेऊन गेला? प्रश्न. ज्याचं उत्तर त्या महापंडिताला देता आलं नाही असा प्रश्न. तो प्रश्न पडला म्हणून गौतम समवसरणात आले आणि मग वाणी झाली. समोर ग्रहण करणारा नसेल तर केवलज्ञानीही बोलत नाहीत, एवढा अर्थ मी माझ्यापुरता घेतला. पंडितजी जास्त चांगलं सांगतील.

मला माहीत आहे, काही जणी म्हणतील, सम्यग्दर्शनाचं पहिलं अंगच निःशंकित आहे. हो, आहे. मीही त्याच्याच आधारानं बोलले होते. पण खोड काढायला घेतलेली शंका वेगळी आणि समजून घ्यायला केलेली पृच्छना वेगळी. मुलीनं चित्र इतकं मन लावून रंगवलं होतं की ती खोड काढत नव्हती, हे मूग निवडणाऱ्या माझ्या डोळ्यांना दिसायला हवं होतं. खरं कारण सांगू? मला उत्तर येत नव्हतं. ते झाकायला मी पापाचं नाव पुढे केलं.

क्षमावाणीला तिच्यापुढे हात जोडले. "मेरूचं विचारलं होतंस तेव्हा मी तुला गप्प केलं. चूक झाली माझी. क्षमा कर." ती गोंधळली, मग म्हणाली, "ते तर कधीच सोडून दिलं मी." हे ऐकून जास्त लागलं. राग धरला असता तर बरं झालं असतं. प्रश्नच सोडून दिला होता तिनं.

मग मी तिला नारळीकरांच्या पोस्टकार्डांची गोष्ट सांगितली, माझ्या पापडाच्या पत्राचीही. पापडावर ती खूप हसली. आम्ही मोबियसची पट्टी केली, ती कापली, एकच कडं झालं तेव्हा ती ओरडली, "आजी, हे कसं काय?" मे महिन्यानंतरचा तिचा हा पहिला खरा प्रश्न.

आता आमच्याकडे एक रिवाज सुरू झालाय. पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणलाय. तिनं प्रश्न लिहून माझ्या पोथीच्या कपाटात ठेवायचा, मी आठवड्याच्या आत उत्तर लिहून खाली सही करून द्यायचं. पहिलं कार्ड अर्थातच मेरूचं आलं. मी तीन रात्री विचार केला आणि हे लिहिलं: 'शास्त्रात मेरूचं वर्णन आहे. भूगोलात तो नाही. दोन्ही मी वाचलं आहे, दोन्हींचा मेळ मला घालता येत नाही. हिशेबात मेळ बसला नाही तर चांगला कारकून आकडे खोटे करत नाही आणि वहीही फाडत नाही. जो फरक आला तो उचंत खात्यात लिहून ठेवतो आणि शोधत राहतो. तुझा प्रश्न मी उचंत खात्यात लिहिला आहे. पुढच्या चातुर्मासात महाराजांना आपण दोघी मिळून विचारू. तोवर अहिंसा आणि खरं बोलणं यांना मेरू दिसण्याची वाट बघावी लागत नाही, ते चालू ठेवू.' खाली सही केली, आजी, बी. कॉम.

तिनं वाचलं आणि विचारलं, "उचंत म्हणजे काय?" तर दुसरं कार्ड आलंच.

यांना सगळं कळल्यावर ते म्हणाले, "तुझा तो जमाखर्चाचा प्रश्न राहिलाच की. त्याला कोण उत्तर देणार?" मी म्हटलं, राहू दे. ज्यांना विचारायचा होता ते आता नाहीत. पत्ता कुलाब्याचा होता, पुढे ते पुण्याला गेले, आयुका उभी केली, तिथेही मुलं प्रश्न घेऊन जातच राहिली. फक्त मी गेले नाही. पंधरा पैशांचं काम होतं. ते माझ्या हातून राहिलं, याचा दोष मी आता कुणाला देत नाही. मात्र माझ्या घरात दुसऱ्या कुणाचं कार्ड पापडात जाऊ द्यायचं नाही, एवढं माझ्या हातात आहे.

तुमच्या घरात जे लहान मूल असेल त्यानं तुम्हाला शेवटचा अवघड प्रश्न कधी विचारला, हे आज आठवून बघा. आठवला नाही तर मूल शहाणं झालं असं समजू नका. दोन कार्डं आणा. आणि माझ्या लिहिण्यात शास्त्राविरुद्ध काही आलं असेल तर मिच्छामि दुक्कडं. चूक सांगा, विचारा, मी उत्तर लिहीन. येत नसेल तर तसं लिहीन.

जय जिनेंद्र.